संध्याकाळचे मैदान आणि त्यावरचा वस्ताद

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत अठरा वर्षांखालील मुलांविरुद्ध नोंदवलेल्या गुन्ह्यांची देशभरातील संख्या अलीकडच्या वर्षांत ३० हजारांच्या आसपास राहिलेली दिसते आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचे नाव सातत्याने वरच्या क्रमांकांत येते. या नोंदींतील तीन चतुर्थांशांहून अधिक मुले १६ ते १८ या वयोगटातील असतात. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की त्यांतील बहुसंख्य मुले अनाथ किंवा बेघर नसून आईवडिलांजवळ राहणारी असतात. घरात कोणी नाही म्हणून मुलगा वाया जातो, या रूढ समजुतीला हा आकडा छेद देतो. घर आहे, पुष्कळदा शाळेच्या पटावर नावही आहे, परंतु शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा जो काळ उरतो, त्या काळात त्या मुलाला नावाने ओळखणारे प्रौढ माणूस आसपास असतेच असे नाही. खेळाच्या साहाय्याने तरुणांना गुन्हेगारीपासून दूर ठेवण्याचे जे प्रयत्न जगभर झाले, त्यांचे खरे क्षेत्र हा मधला काळ होय.

नाशिकसारख्या शहरात हा मधला काळ विशेष लांबतो. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १४ लाख ८६ हजार लोकसंख्या असलेले हे शहर एका बाजूने तीर्थक्षेत्र आणि दुसऱ्या बाजूने सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहतींचे शहर असल्याने, सिडकोच्या योजनांमधील लहान घरांत राहणारे अनेक पालक पाळीने कामावर जातात, आणि दुसऱ्या पाळीचा कामगार घरी परततो तेव्हा मुलाची संध्याकाळ संपून गेलेली असते. ती संध्याकाळ चौकात, पानटपरीजवळ किंवा मंडळाच्या कट्ट्यावर जाते. कट्टा ही काही वाईट जागा नव्हे. मराठी शहरांतील निम्मी मैत्री तिथेच होते. मात्र त्याच कट्ट्यावर एखादा ‘भाई’ येऊ लागला, त्याने चहाचे पैसे द्यायला, गाडी फिरवायला द्यायला आणि भांडणात पाठीशी उभे राहायला सुरुवात केली, की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घरात किंवा वर्गात न मिळालेली ओळख तिथे मिळते. पुढे हातात कोयता घेतलेली चित्रफीत समाजमाध्यमावर टाकण्यापर्यंतचे अंतर फारसे उरत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिक पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध धडक कारवाई केली आणि पकडलेल्यांच्या तोंडून वदवून घेतलेली ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा राज्यभर गाजली. नावाजलेल्या गुंडाची दहशत मोडण्यासाठी अशा कारवाईचा उपयोग होत असेल; ज्या मुलाचा अद्याप कोणताही गुन्हा नोंदलेला नाही, त्याच्या रिकाम्या संध्याकाळचे काय करायचे, हा प्रश्न मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. कायद्यानेही या दोन गोष्टींत फरक केला आहे. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमात गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील व्यक्तीस आरोपी न म्हणता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटले आहे. त्याचे प्रकरण एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते अशा तिघांच्या बाल न्याय मंडळापुढे चालते आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला जातो. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. इतर बहुतेक प्रकरणांत समुपदेशन, समाजसेवा किंवा परिवीक्षा, म्हणजे देखरेखीखाली घरीच राहू देणे, असे आदेश निघतात. देखरेख कोणी करायची आणि मुलाने दिवसभर कुठे जायचे, हे त्या आदेशाच्या कागदावर सुटत नाही.

खेळ इथे नेमके काय करतो, याचे उत्तर ‘ऊर्जेला वाट मिळते’ या लोकप्रिय वाक्यात सापडत नाही. दिवसभर फुटबॉल खेळून दमलेला मुलगाही रात्री मोबाइल हिसकावू शकतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ साली मांडलेला सामाजिक बंधांचा सिद्धांत येथे अधिक उपयोगी ठरतो. माणसे गुन्हा का करतात, असे न विचारता बहुतेक माणसे गुन्हा का करत नाहीत, असे त्यांनी विचारले आणि उत्तरादाखल चार बंध सांगितले: कोणाविषयी तरी वाटणारी आपुलकी, आजवर मिळवलेले गमावण्याची धास्ती, कामात गुंतलेला वेळ आणि नियमांवरचा विश्वास. लोकप्रिय समजूत यांतल्या तिसऱ्या, म्हणजे गुंतलेल्या वेळेच्या बंधावरच थांबते. प्रत्यक्षात तोच बंध सर्वांत कच्चा असल्याचे हर्शी यांच्याच पाहणीतून दिसले होते.

दुसऱ्या बंधाचे मराठी उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नाशिकच्या कोणत्याही मोठ्या मैदानावर पहाटे गेल्यास पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली दिसतात. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, दोघांसाठी १०० मीटर आणि गोळाफेक अशा एकूण ५० गुणांच्या शारीरिक चाचणीसाठी ही मंडळी महिनोन्‌महिने घाम गाळतात. त्यांच्यापैकी एखाद्याला रात्रीच्या हाणामारीसाठी बोलावणे आले, तर त्याच्या मनात पहिला विचार येतो तो चारित्र्य पडताळणीचा: एक गुन्हा दाखल झाला, की वर्दीचे स्वप्न तिथेच संपले. गमावण्यासारखे काहीतरी हाताशी असणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगणार नाही. भरतीची वयोमर्यादा, खुल्या गटासाठी २८ वर्षे, उलटून गेलेल्या आणि निवड न झालेल्या तरुणाचे मात्र हे बळ एका दिवसात नाहीसे होते, आणि त्याच्यासाठी त्या मैदानावर पुढे काही योजलेले नसते.

परदेशातील अनुभवाकडे पाहताना उत्साह थोडा आवरावा लागतो. अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या ग्लेनार्डन या गावात जी. व्हॅन स्टँडिफर यांनी १९८६ साली रात्री दहा ते दोन या वेळेत तरुणांसाठी बास्केटबॉलचे सामने सुरू केले. गुन्हे रात्री घडतात, तर त्या वेळी तरुणांना प्रकाशात, पोलिसांच्या उपस्थितीत खेळू द्यावे, हा त्यामागचा साधा हिशेब होता, आणि खेळायचे तर रोजगार व व्यसनमुक्तीवरील वर्गांना बसणे सक्तीचे होते. पुढे हा प्रयोग अनेक शहरांत पसरला आणि १९९४ च्या गुन्हेविषयक विधेयकावरील चर्चेत उधळपट्टीचे उदाहरण म्हणून त्याची टिंगलही झाली. डग्लस हार्टमन आणि ब्रूक्स डेप्रो या अभ्यासकांनी २००६ मध्ये आकडेवारी तपासली, तेव्हा हा उपक्रम लवकर स्वीकारणाऱ्या शहरांत मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांत इतर शहरांपेक्षा अधिक घट आढळली. मात्र प्रत्यक्ष खेळणाऱ्यांची संख्या इतकी थोडी होती, की या घटीचे सगळे श्रेय सामन्यांना देता येईना. शहर तरुणांकडे कोणत्या नजरेने पाहते, यातला बदल कदाचित अधिक परिणामकारक ठरला असावा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

त्याहून मोलाचा धडा मायकेल ट्रुल्सन यांच्या १९८६ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. गुन्हेगारी वर्तनाकडे झुकलेल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांचे तीन गट करून सहा महिने एका गटाला तायक्वांदोचे पारंपरिक शिक्षण दिले गेले, ज्यात आदर, संयम, ध्यान आणि गुरूचा सहवास यांना लाथा-ठोशांइतकेच स्थान होते. दुसऱ्या गटाला केवळ लढण्याचे तंत्र शिकवले गेले. तिसरा गट धावणे, बास्केटबॉल असे सर्वसाधारण खेळ खेळला. पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली आणि दुसऱ्या गटाची गुन्हेगारी प्रवृत्ती आधीपेक्षा वाढली. नॉर्वेत एंड्रेसन आणि ओल्वेउस यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही मुष्टियुद्ध, भारोत्तोलन, कुस्ती आणि लढाऊ कला यांसारख्या ताकदीच्या खेळांत उतरलेल्या किशोरवयीन मुलांत खेळाबाहेरील दांडगाई वाढल्याचे आढळले होते. तेव्हा खेळ आपोआप सज्जन बनवतो, असे म्हणण्यास आधार नाही, आणि तो आपोआप बिघडवतो, असेही नाही. कोण शिकवतो आणि शिकवताना काय काय शिकवतो, यावर बहुतांश गोष्टी ठरतात.

महाराष्ट्राच्या तालमींना हे नवे वाटणार नाही. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे, दुसऱ्या बाजीरावांच्या पदरचे बाळंभटदादा देवधर हे नाशिक जिल्ह्यातील गोदाकाठच्या कोठुरे गावचे, आणि निजामाकडून आलेल्या पहिलवानांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, अशी आख्यायिका आहे. जुन्या नाशकात यशवंत व्यायामशाळा, लेझीमसाठी नावाजलेली गुलालवाडी व्यायामशाळा यांसारख्या संस्थांनी व्यायामाला सामूहिक शिस्तीची जोड दिली. तालमीत नवा पोरगा आला, की त्याला पहिले कित्येक दिवस डाव शिकवले जात नाहीत. त्याने हौद्यातली माती खणायची, तीत तेल-ताक मिसळायचे, थोरल्या पहिलवानांना जोर-बैठका मोजून द्यायच्या, आणि मगच लंगोट कसून मातीत उतरायचे. वस्तादाला त्याच्या घरची परिस्थिती, त्याचा खुराक, त्याची संगत सगळे ठाऊक असते, आणि बाहेर कुठे हात उचलल्याचे कानावर आले, तर तालमीचे दार बंद होते. ट्रुल्सन यांचा पहिला गट म्हणजे याच पद्धतीची प्रयोगशाळेतली आवृत्ती होय. पण तालमीचे उदात्तीकरणही टाळायला हवे. वस्तादाची जागा निवडणुकीच्या उमेदवाराने घेतली आणि पिळदार शरीरे वर्गणी गोळा करण्यासाठी किंवा जमीन रिकामी करून घेण्यासाठी वापरली जाऊ लागली, की तीच तालीम दुसऱ्या गटाचे काम करू लागते. महाराष्ट्रातल्या शहरांनी दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

नाशिक जिल्ह्याने खेळात मिळवलेले यशही याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. हरसूल परिसरातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवू शकली, त्यात प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या नाशिकमधील वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा वाटा सर्वज्ञात आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदत असे. सैन्यात गेल्यावर तो नौकानयन शिकला, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या चमूत होता. सुरगाणा तालुक्यातील अलंगुण हे गाव मुलींच्या खो-खोसाठी ओळखले जाते. या उदाहरणांचा अभिमान रास्त असला, तरी त्यांच्यावरून गुन्हेप्रतिबंधाचा आराखडा बेतता येत नाही. राज्याची क्रीडाव्यवस्था निवडीवर उभी आहे: शालेय स्पर्धा, मग जिल्हा, विभाग, राज्य, दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के आरक्षण हे सगळे वरच्या पायऱ्यांवर पोहोचलेल्यांसाठी असते. ज्याच्यासाठी गुन्हेप्रतिबंध करायचा, तो मुलगा पहिल्याच चाचणीत गळतो. बरेचदा तो उशिरा येतो, शिवी देतो, जोडीदाराशी भांडतो, आणि संघाची शिस्त राखायची म्हणून प्रशिक्षक त्याला घरी पाठवतो. पदकाच्या हिशेबाने प्रशिक्षकाचे बरोबरच असते, पण वस्तीच्या हिशेबाने त्या संध्याकाळी एक मुलगा कट्ट्याकडे परत गेलेला असतो.

निवडीऐवजी सामावून घेण्यावर उभी राहिलेली रचना महाराष्ट्रातच पाहायची, तर नागपूरकडे वळावे लागते. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या फुटबॉलमधून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. तिला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे तिची कथा घरोघरी पोहोचली. चित्रपटात न मावणारा भाग असा, की अशा संस्था खेळाचे नियमच बदलून घेतात. या पद्धतीचे मूळ कोलंबियातील मेदेयीन शहरात आहे. १९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यानंतर आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची तिथे हत्या झाली. त्या काळात तिथे राहणारे जर्मन अभ्यासक युर्गन ग्रीसबेक यांनी टोळ्यांमधल्या तरुणांना एकत्र आणण्यासाठी जो फुटबॉल सुरू केला, त्यात पंच नव्हता, मुले-मुली एकत्र खेळत आणि संघाचा पहिला गोल मुलीनेच करायचा असे. पुढे त्यातून तीन भागांची पद्धत रूढ झाली: आधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, मग पंचाशिवाय खेळायचे, आणि शेवटी पुन्हा बसून कोणी नियम पाळले यावर एकमेकांना गुण द्यायचे. पहिला गोल मुलीने करायचा म्हटले, की संघातल्या दांडगट मुलाला चेंडू स्वतःजवळ ठेवून चालत नाही. त्याला तो द्यावा लागतो, आणि तिने चुकवला तर पुन्हा द्यावा लागतो.

यासाठी फुटबॉलच हवा असे नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात आपल्याला लागला की नाही, हे बचाव करणाऱ्याला सर्वांत आधी कळते, आणि गल्लीतल्या कबड्डीतली निम्मी भांडणे तिथूनच पेटतात. प्रशिक्षकाने पंचाला बाजूला ठेवून ‘ज्याला लागला त्याने हात वर करायचा’ एवढा एकच नियम केला, तर सुरुवातीचे काही दिवस खेळ गोंधळाचा होतो. पुढे बाद झाल्याचे स्वतः कबूल करणाऱ्या मुलाला संघात मान मिळू लागतो, शिवाय जोडीदाराने गुण मिळवला, की बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो, हेही त्याला ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१७ पासून काही देशांत राबवलेला खेळातून जीवनकौशल्ये शिकवणारा कार्यक्रमही याच जातीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या डिसेंबरमध्ये खेळाला युवा-गुन्हेप्रतिबंधाच्या धोरणांत स्थान द्यावे, असा ठरावही केला. मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी सुरू केलेल्या ऑस्कर फाउंडेशनने ‘शाळा नाही, तर फुटबॉल नाही’ अशी अट घातली. अशी अट लाभदायक ठरते ती शाळा सोडलेल्या मुलाला परत शाळेत नेणारे कोणी तिथे असेल तरच, एरवी ती त्याला बाहेर ठेवणारे आणखी एक फाटक होते.

आता मैदाने आणि त्यांवरच्या खर्चाविषयी. आइसलँडने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून किशोरवयीनांच्या व्यसनांविरुद्ध जी मोहीम चालवली, तीत पालकांचे करार, रात्री बाहेर फिरण्याच्या वेळांवर मर्यादा आणि रेकयाविकमध्ये प्रत्येक मुलामागे खेळ-छंदासाठी अनुदान यांचा समावेश होता. महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचे सांगणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. त्या छोट्या, संपन्न देशाची नाशिकशी तुलना ताणू नये. पण अनुदान स्पर्धेला न देता मुलाच्या रोजच्या सरावाला द्यायचे, हे सूत्र महापालिकेलाही झेपण्यासारखे आहे. जागेची अडचण मात्र खरी आहे. विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावरही ठरलेल्या मुदतीत पाऊल उचलले गेले नाही, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार ते आरक्षणच संपते. उरलेल्या मैदानांवर हंगामात प्रदर्शने, मेळावे आणि सभांचे मांडव पडतात. शाळांची मैदाने असतात, पण शाळा सुटली, की त्यांना कुलूप लागते, आणि ते कुलूप संध्याकाळी सहा ते नऊ उघडे ठेवायचे, तर दिवे, पाणी, स्वच्छतागृह आणि पगारी माणूस यांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हा प्रश्न अडतो. साहित्य खरेदीला शीर्ष असते, स्पर्धेच्या मांडवाला असते. वस्तादाच्या महिन्याच्या मानधनाला बहुधा नसते. मुलींच्या बाबतीत तर दिवे आणि स्वच्छतागृह नसणे म्हणजे प्रवेशबंदीच.

पोलिसांची भूमिका नाजूक असते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या मोहल्ला कमिटीने वस्त्यांतील तरुणांना शांततेसाठीच्या क्रिकेट सामन्यांत एकत्र आणले, आणि खाकीतला माणूस छापा घालायलाच येतो असे नाही, हे त्यातून वस्तीला दिसले. तरीही रोज मैदानावर येणारा पोलीस मुलांकडून बातम्या काढू लागला, की मैदान रिकामे पडते. बाल न्याय कायद्याखालील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने तपास पथकाचे काम अंगावर न घेता तिथे यावे, हे त्यामुळे शिष्टाचारापुरते राहत नाही, उपक्रम टिकतो की नाही हेच त्यावर ठरते.

नाशिकमध्ये उंटवाडीचे निरीक्षणगृह, लोकांच्या तोंडी अजूनही ‘रिमांड होम’, हे विधिसंघर्षग्रस्त मुलांच्या तात्पुरत्या मुक्कामाचे ठिकाण आहे. तिथल्या दिनक्रमात खेळ असणे नियमांनुसार अपेक्षितच असते; कठीण असतो तो सुटून घरी परतल्यानंतरचा पहिला महिना, कारण कट्ट्यावर मुलाचे स्वागत होते आणि इतरत्र संशयाने पाहिले जाते. परिवीक्षा अधिकाऱ्याने त्याला एखाद्या मैदानाशी जोडायचे ठरवले, तर त्याची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. अधिनियमाच्या कलम ७४ नुसार ती प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ‘सुधारलेला मुलगा’ म्हणून त्याचा जाहीर सत्कार करणारे आयोजक, हेतू कितीही चांगला असला, तरी कायद्याच्या विरोधात जातात. त्याच कलमात असेही म्हटले आहे, की प्रकरण निकाली निघालेल्या मुलाची नोंद पोलिसांनी चारित्र्य पडताळणीसाठी उघड करू नये, आणि कलम २४ नुसार, बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवलेले प्रकरण वगळता, त्या दोषसिद्धीमुळे त्याच्यावर कोणतीही अपात्रता येत नाही. पहाटेच्या मैदानावर १६०० मीटर धावण्याचा हक्क त्यालाही आहे. हे त्याला सांगायचे काम परिवीक्षा अधिकाऱ्याचे, आणि तो भेटला नाही तर मैदानावर जो असेल त्याचे.